पोवई नाक्याजवळचं टीव्ही बॉक्सचं दुकान, आणि साताऱ्यात बसून इबादानच्या बातम्या

पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं जाताना एका झेरॉक्सवाल्याला लागून हे दुकान आहे, अगदी बोळकांडीएवढं, दोन गिऱ्हाईकं आत गेली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. बोर्डावरची अक्षरं उन्हानं पार उडालीत त्यामुळं पहिल्यांदा मी पुढं निघून गेले आणि परत मागं आले. अँड्रॉइड बॉक्स (साध्या टीव्हीला जोडून इंटरनेटवरचं बघायचा डबा), एलईडी रिपेअर, डिश बसवणं, रिमोट असलं सगळं काम करतात. मालक तिशीचा पोरगा आहे आणि हाताखाली अजून एक. मी आतापर्यंत तीनदा गेले, तीनही वेळेला काम झालं आणि एकदा तर त्यानं पैसे घेतलेच नाहीत, म्हणून मनापासून लिहितेय.

आमची गरज जरा वेगळी होती. आम्ही २०१० ते २०१९ नऊ वर्षं नायजेरियात इबादानला होतो, आमचे हे तिथं प्लॅस्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. आता शाहूपुरीत घरी असतो. पण नऊ वर्षं रोज रात्री तिथल्या बातम्या बघायची सवय लागली ती काय जात नाही, कुठं पूर आला, निवडणुकीत काय झालं, पेट्रोलचा भाव काय, जुन्या कामगारांचे फोन येतात तेव्हा बोलायला विषय लागतो ना. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर बघायला डॉक्टर नको म्हणाले, मग मोठ्या टीव्हीवर लावायचं ठरलं. आमचा टीव्ही जुना, स्मार्ट नाही, पण पिक्चर अजून काचेसारखं आहे त्यामुळं टाकवत पण नाही.

आधी आम्ही ऑनलाईन एक बॉक्स मागवला होता, कुठल्या साईटवरून ते सांगत नाही. जगातले दोन हजार चॅनेल कायमचे फुकट असं लिहिलेलं. पंधरा दिवस चालला, सोळाव्या दिवशी सगळे चॅनेल काळे. विकणाऱ्याचा नंबर बंद. पैसे पाण्यात. तो मेलेला बॉक्स पिशवीत घालूनच मी या दुकानात गेले.

मालकानं बॉक्स हातात घेतला, उलटा केला, खालचे चार स्क्रू काढून आत बघितलं आणि दोन मिनिटात म्हणाला काकू बॉक्सला काही झालेलं नाही, यात चोरून घेतलेले चॅनेल भरलेले होते, ज्याचे चॅनेल त्यानं लाईन तोडली, मी परत भरून देऊ शकतो पण देणार नाही कारण महिन्यानं तुम्ही परत इथंच याल. हे मला फार आवडलं. गिऱ्हाईक आयतं समोर उभं असताना असं सरळ सांगणारी माणसं कमी झालीत. मग विचारलं तुम्हाला नक्की काय बघायचंय? मी म्हणाले नायजेरियाच्या बातम्या. तर तो थांबला आणि अगदी साधेपणानं विचारलं, काकू तिकडं टीव्ही असतो का?

बाजूला एक गृहस्थ रिमोट घ्यायला आलेले, ते हसले. पोराच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं, त्याला खरंच माहीत नव्हतं, पण ते हसणं मला लागलं. नऊ वर्षं ज्या लोकांनी आम्हाला घरच्यासारखं सांभाळलं त्यांच्याबद्दल आपल्याकडं एवढं अज्ञान असावं याचं वाईट वाटतं. मग मी तिथंच पायरीवर उभी राहून त्याला सांगितलं, आणि तेच इथं लिहितेय कारण हा प्रश्न मला साताऱ्यात आल्यापासून दहा जणांनी तरी विचारलाय.

आपल्या दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला. इबादानला सुरू झाला ३१ ऑक्टोबर १९५९ ला. मध्ये ४६ दिवस. आणि दिल्लीचं ते प्रयोग म्हणून होतं, आठवड्यातनं दोनदा थोडा वेळ, रोजचं प्रक्षेपण व्हायला १९६५ उजाडलं. मुंबईला टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे इबादानची पोरं पडद्यासमोर बसत होती तेव्हा मुंबईत टीव्ही यायला अजून तेरा वर्षं होती, साताऱ्याचं तर नावच नको. मी लहान असताना आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता आणि आम्ही त्यांच्या खिडकीच्या गजाला धरून बघायचो, त्यांची आजी पाय धुवून आत या म्हणायची, ते सगळं ऐंशीच्या दशकातलं.

हे सगळं मला कुठनं कळलं तर आमच्या घरमालकांकडून. त्यांना आम्ही बाबा म्हणायचो, आणि गंमत म्हणजे योरुबा भाषेत पण वडिलांना, मोठ्या माणसाला बाबाच म्हणतात, त्यामुळं पहिल्याच दिवशी सासूबाईंनी त्यांना बाबा म्हटल्यावर ते एवढे खूश झाले की संध्याकाळी केळ्यांचा आख्खा घड पाठवला. हे बाबा तिथल्या टीव्ही स्टेशनातून रिटायर झालेले, साठच्या दशकात दिवे उचलणारा पोऱ्या म्हणून लागले आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचले. व्हरांड्यात बसून सांगायचे, सुरुवातीला रेकॉर्डिंगची सोय नाही, नाटक असो गाणं असो सगळं लाईव्ह, कुणी वाक्य विसरला तर आख्ख्या गावानं बघितलं. स्टुडिओत एवढा उकाडा की नटाच्या तोंडावरची पावडर ओघळायची, आणि बाबांचं काम काय तर दोन सीनच्या मध्ये टॉवेल घेऊन पळायचं. सांगताना खांद्यावरचा टॉवेल काढून दाखवायचे कसा टिपायचा, चोळायचा नाही, दाबायचा.

स्टेशनचं नाव वेस्टर्न नायजेरिया टेलिव्हिजन, अगोडी भागात, आणि त्याचं घोषवाक्य होतं फर्स्ट इन आफ्रिका. खरं बघायला गेलं तर उत्तरेला मोरोक्को आणि अल्जीरियात फ्रेंचांच्या काळात टीव्ही आधीच आलेला, त्यामुळं सहाराच्या खालच्या आफ्रिकेत पहिलं असं म्हणणं बरोबर. पण बाबांसमोर हे बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि स्वतःच्या लोकांनी उभं केलेलं पहिलं या अर्थानं त्यांचा अभिमान मला पटतो. कारण हे स्टेशन इंग्रजांनी काढून दिलेलं नाही. तेव्हा नायजेरिया स्वतंत्र पण नव्हता, स्वातंत्र्य १ ऑक्टोबर १९६० ला. हे काढलं तिथल्या पश्चिम प्रांताच्या सरकारनं, ओबाफेमी अवोलोवो हे त्यांचे पंतप्रधान, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखे. १९५३ साली स्वराज्याच्या ठरावावरून भांडण झालं आणि इंग्रज गव्हर्नर मॅकफर्सन रेडिओवर जाऊन यांच्यावर टीका करून आला. अवोलोवो म्हणाले मला पण त्याच रेडिओवर उत्तर द्यायचंय. इंग्रज नाही म्हणाले. तिथं ठिणगी पडली. पुढं १९५४ च्या घटनेत प्रांतांना स्वतःचं प्रसारण काढायची मोकळीक मिळाली आणि यांनी एका ब्रिटिश कंपनीशी भागीदारी करून रेडिओ तर काढलाच, वर टीव्ही पण काढला, दिल्लीच्या केंद्र सरकारच्या आधी आपल्या एखाद्या राज्यानं काढावा तसं. लागोसच्या (तेव्हाची राजधानी) केंद्र सरकारचा टीव्ही यायला १९६२ उजाडलं.

दुसरं कारण शिक्षण. त्या प्रांतात १९५५ पासून प्राथमिक शाळा फुकट केलेल्या, पोरांची झुंबड आणि मास्तर कमी, तर टीव्हीवरून शिकवायचं असा विचार. आणि पैसा कुणाचा, तर कोकोचा. इबादानच्या आसपास सगळी कोकोची शेती, आपल्याकडं साखरेच्या पैशावर कॉलेजं आणि दवाखाने उभे राहिले ना तसंच, शेतकऱ्याच्या मालाच्या पैशावर. इबादानला कोको हाऊस म्हणून २६ मजली इमारत पण आहे त्याच पैशातली. कराड, सांगलीकडच्या माणसाला ही गोष्ट दोन वाक्यात समजते, पुण्यामुंबईच्या माणसाला समजवावी लागते असा माझा अनुभव.

पडद्यावर दिसलेला पहिला चेहरा एका बाईचा, अनिके अगबाजे-विल्यम्स त्यांचं नाव, तिथं शाळेतल्या पोरांना पण माहीत असतं.

आणि एक योगायोग मला कायम जवळचा वाटतो. आपल्या साताऱ्याभोवती सात डोंगर, आणि इबादानला पण सात टेकड्यांचं गाव म्हणतात. तिथला ट्रान्समीटर मापो टेकडीवर लावलेला, आपला टीव्ही टॉवर अजिंक्यताऱ्यावर. रात्री गच्चीवर गेले की अजिंक्यताऱ्यावरचा तो लाल दिवा बघते आणि इबादानचे ते गंजलेल्या पत्र्यांची तांबडी छपरं डोळ्यासमोर येतात, सगळं गाव टेकडीवरून खाली सांडल्यासारखं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. पश्चिमेनं काढला म्हणल्यावर बाकीचे कसले गप्प बसतात, पूर्वेनं स्वातंत्र्याच्याच दिवशी १ ऑक्टोबर १९६० ला एनुगूला काढला आणि घोषवाक्य ठेवलं सेकंड टू नन, म्हणजे इबादानला टोमणाच. १९६२ ला उत्तरेत कडुना. १९७४ ला जोस शहरातून रंगीत सुरू झालं, आपल्याकडं रंगीत १९८२ ला एशियाडच्या वर्षी हे लक्षात घ्या. मग लष्करी सरकार आलेलं, त्यांनी १९७७ च्या हुकुमानं राज्यांची सगळी स्टेशनं एकत्र करून नायजेरियन टेलिव्हिजन ऑथॉरिटी केली, एनटीए. बाबांच्या गळ्यातलं ओळखपत्र तेव्हा बदललं पण जुनं त्यांनी परत दिलं नाही, मला दाखवलं होतं, फोटोत केस काळेभोर. एनटीए म्हणजे आपलं दूरदर्शन समजा, रात्री नऊच्या बातम्या म्हणजे देशभर सगळीकडं त्याच. खाजगीला परवानगी मिळाली १९९२ च्या कायद्यानं, आपल्याकडं पण केबल त्याच सुमाराला घराघरात शिरली. त्यातनं १९९५ ला चॅनेल्स टीव्ही (हे त्या वाहिनीचं नावच), १९९६ ला एआयटी अशा खाजगी वाहिन्या सुरू झाल्या आणि सरकारी बातमीला पर्याय आला. माझं मत विचाराल तर बातमीसाठी चॅनेल्सच बघावं, अँकर ओरडत नाही, पाहुण्याला वाक्य पूर्ण करू देतात, सरकारला प्रश्न विचारतात. आपल्या कुठल्या मराठी चॅनेलवर असं निवांत बोलणं ऐकलं होतं ते आठवायला लागतं.

तर हे सगळं (एवढं नाही, पण बरंच) मी त्या दुकानात सांगितलं. रिमोटवाले गृहस्थ शेवटपर्यंत थांबले आणि जाताना म्हणाले वहिनी, आम्हाला माहीत नव्हतं. बास, एवढंच पाहिजे होतं.

आता बॉक्सबद्दल. मालकानं तोच मेलेला बॉक्स पुसून पुन्हा तयार करायला बघितला पण त्यात मेमरी फारच कमी होती म्हणून नवीन घ्यायला सांगितला, साडेतीन हजार, बिलासकट, एक वर्षाची वॉरंटी लिहून. त्याच्याकडं सात हजाराचा पण होता पण म्हणाला काकू तुमच्या टीव्हीला त्याचा काही उपयोग नाही, उगाच पैसे घालवू नका. पोरगं घरी येऊन बसवून गेलं, आमच्या टीव्हीचं मागचं एक पोर्ट सैल होतं ते त्यानं जीभ दाताखाली धरून, टॉर्च तोंडात नाही तर माझ्या हातात देऊन, कापूस आणि स्पिरिटनं साफ केलं, वायर टेकू देऊन बांधली आणि परत परत हलवून बघितली. पंधरा मिनिटं एका पोर्टला. चहा दोनदा विचारला तेव्हा कुठं घेतला.

चॅनेल्स टीव्हीचं लाईव्ह यूट्यूबवर अधिकृत आहे, फुकट आहे, तेच त्यानं पहिल्या पानावर मोठ्या चौकोनात लावून दिलं म्हणजे ह्यांना शोधायला नको. चित्र एकदम स्वच्छ. एनटीए पण लागतं पण मध्येमध्ये अडकतं, तो दोष बॉक्सचा नाही, दुसरं काही लावलं की नीट चालतं. राऊटर दुसऱ्या खोलीत असला तर भिंतीमुळं गोल गोल फिरत बसतं, आम्ही शेवटी वायर टाकून घेतली, पन्नास फूट, ती पण त्यानंच.

वेळेचं मात्र गणित आहे. नायजेरिया आपल्या साडेचार तास मागं. एनटीएच्या नऊच्या बातम्या इथं रात्री दीड वाजता, चॅनेल्सच्या दहाच्या अडीच वाजता. हे सुरुवातीला आठवडाभर दीडला उठून बसायचे, लुंगी गुंडाळून, आवाज एकदम बारीक करून. मग दुकानदारानंच शिकवलं की जुनं बुलेटिन सकाळी कसं लावायचं. आता सकाळी साडेनऊला पोहे आणि इबादानच्या बातम्या.

सासूबाईंचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या २०१५ च्या शेवटी आमच्याकडं आल्या, दोन वर्षं राहिल्या, इंग्रजी शून्य. नेमका त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथं झी वर्ल्ड सुरू झालेला, आपल्या हिंदी मालिका इंग्रजीत डब करून. नायजेरियन बायका त्या मालिकांसाठी वेड्या. आणि त्यातल्या बऱ्याच सासूबाईंनी साताऱ्यात आधीच बघितलेल्या. तर संध्याकाळी बाबांची सून, तिच्या दोन जावा, समोरची शिंपीणबाई सगळ्या आमच्या हॉलमध्ये, आणि जाहिरात लागली की सासूबाईंकडं बघायच्या, मामा (म्हणजे तिकडं आई) पुढं काय होणार? सासूबाई मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत करायचे, बाबांची सून योरुबात करायची, आणि शिंपीणबाई कपाळाला हात लावायची. एकदा सासूबाईंनी एका पात्राचा मृत्यू आधीच सांगून टाकला तर शिंपीणबाई दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी सासूबाईंसाठी झबलं-टोपीसारखा एक डोक्याचा रुमाल शिवून घेऊन आली. तो रुमाल आमच्या कपाटात आहे.

लाईटीचा पण विषय आहे, तो साताऱ्याच्या माणसाला नवीन नाही. तिथल्या वीज मंडळाचं जुनं नाव नेपा, ते २००५ ला बदललं, २०१३ ला बरंचसं खाजगी झालं, तरी लाईट आली की गल्लीतली सगळी पोरं एका सुरात ओरडतात अप नेपा! आपल्याकडं लाईट आली रे ओरडतात तसंच, तोच आनंद. १० फेब्रुवारी २०१३ ची रात्र मी कधी विसरणार नाही. आफ्रिका कपची फायनल, जोहान्सबर्गला, नायजेरिया विरुद्ध बुर्किना फासो. लाईट गेलेली. बाबांनी जनरेटर काढला, टीव्ही व्हरांड्यात आणला, आख्खी गल्ली अंगणात, बाकं, ड्रम, उलटे टाकलेले क्रेट. आमचे हे पेट्रोलचा कॅन घेऊन जनरेटरपाशी उभे, मध्येच बंद पडला तर लोक सोडणार नाहीत म्हणून. संडे म्बानं गोल केला आणि एकानंच मॅच जिंकली, १-०. बाबा त्या टीव्हीवर हात ठेवून उभे होते, पडद्यावर नाही, वरच्या कडेवर, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाले मी या धंद्यात आलो तेव्हा चित्र ज्या गावातनं निघायचं त्या गावाबाहेर थोडंच पोचायचं.

बाबा २०२१ ला गेले. त्यांच्या सुनेनं फोन केला होता.

आम्ही निघेपर्यंत तिथं साध्या अँटेनावरचा जुना टीव्ही चालू होता. डिजिटल करायची आंतरराष्ट्रीय मुदत जून २०१५ ची, ती हुकली, मग एप्रिल २०१६ ला जोसपासून सुरुवात केली आणि एकेक राज्य घेत निघाले. आपल्याकडं पण ते सक्तीचं सेट-टॉप बॉक्स प्रकरण टप्प्याटप्प्यानंच झालं आणि लोक किती वैतागलेले ते आठवत असेल. त्यामुळं यावरून कुणी नाकं मुरडू नयेत असं मला वाटतं.

दुकानाच्या तक्रारी पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. फोन उचलत नाहीत, तीन फोन केले तर एक लागतो. घरी येतो म्हणलेल्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी न सांगता आले, मी मंडईत होते. गाडी लावायला जागा अजिबात नाही, नाक्यावर लावून चालत यावं लागतं. आणि दुकानात बसायला एक स्टूल तरी ठेवा हो, वयस्कर माणसं येतात. कामाला मात्र पैकीच्या पैकी, वेळ पाळण्याला पाचातले तीन.

तिसऱ्यांदा गेले ते रिमोट बिघडला म्हणून. मालकानं बॅटरीची पट्टी चिमट्यानं वर उचलली, बास, पैसे नाही घेतले. आणि स्वतःहून म्हणाला काकू, मी पण बघतो कधीकधी ते चॅनेल्स, दुकानात गिऱ्हाईक नसलं की, त्यांचं इंग्रजी आधी समजत नव्हतं आता समजायला लागलं. काउंटरवरच्या टीव्हीवर तेव्हा पण तेच चालू होतं, लागोसचा ट्रॅफिक दाखवत होते.

दुपारी दीड ते चार बंद असतं, त्या वेळेत जाऊ नका. जाताना आपल्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा आणि राऊटरचा मोबाईलवर फोटो काढून न्या, तो आधी तेच मागतो.